हवालदार मोर्समध्ये नापास

आमच्या हौशी रेडिओ क्लबात भांडणाचा विषय एकच. वरच्या वर्गाच्या परवान्याला मोर्सची, म्हणजे आखूड-लांब ठोक्यांच्या सांकेतिक लिपीची, परीक्षा असावी की नसावी? क्लबचं मत सरकारला कळवायचं म्हणून मी, सचिव या नात्याने, एक कागद काढून ठेवलाय. तीन वर्षं झाली, तो कोराच आहे. त्याला कारण कडेगावचे हवालदार जोतीराम.

जोतीराम फौजेत सिग्नलमध्ये होते. बावीस वर्षं कानावर हेडफोन आणि बोटाखाली मोर्स ठोकायची किल्ली. आता ऊस बघतात आणि दर रविवारी मोटारसायकलवरून क्लबात येऊन भांडतात. "मोर्स न्हाई तर रेडिओ कशाला? मोबाईल काय वाईट हाय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

समोर फलटणची आसिया. वडिलांच्या दुकानात पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करते. मोर्स लागत नाही तो खालचा परवाना तिने कधीच काढलाय. "आवं काका, रेडिओ जोडता येतो, बोलता येतं, मग ही कडकट्ट कशाला? ह्या अटीपायी किती माणसं दारातनंच माघारी जात्यात!"

एका रविवारी तिने विचारलं, "पर काका, तुमचा परवाना कुठं हाय?"

हवालदारांकडे कुठलाच परवाना नव्हता! मी फिदीफिदी हसलो. पण पुढचं ऐकल्यावर माझीच मला लाज वाटली. म्हसवडचा उदयसिंह हा त्यांचा पलटणीतला जोडीदार. गेल्या साली घशाचं ऑपरेशन झालं आणि त्याचा आवाज कायमचा गेला. आता तो घरच्या रेडिओवर किल्लीने बोलतो. हवालदार क्लबात बसून ऐकतात, पण उत्तर देता येत नाही. परवाना नसलेल्याने किल्लीला हात लावू नये, ही पाटी मीच भिंतीवर लावलेली.

"व्हॉट्सॲपवर लिहा की," मी म्हणालो.

"लिवतो. पर त्यात उदयचा हात कुठं हाय? किल्लीवर त्याच्या हाताचा ठेका मी शंभरात वळखीन."

मग ठरलं. किल्लीला वरचाच परवाना लागतो, म्हणून हवालदार वरच्या परीक्षेला बसणार, आणि आसियाही. मोर्स शिकूनच मोर्सच्या विरोधात बोलेन, म्हणाली. हवालदारांनी तिला चार महिने शिकवलं. दुकानात पान्याने मोटारीवर ठोकून ठोकून तिच्या वडिलांचं, लियाकतभाईंचं, डोकं उठवलं दोघांनी.

निकाल लागला. आसिया पास, हवालदार नापास.

झालं असं की, परीक्षेत मोर्स ऐकून लिहीत असताना बाहेर ट्रकने हॉर्न दिला आणि एक अक्षर बुडालं. फौजेत बुडालेलं अक्षर अंदाजाने भरायचं नसतं, समोरच्याला पुन्हा पाठवायला सांगायचं असतं. हवालदारांची पेन्सिल आपसूक बाकावर वाजली: कड कड कट्ट कट्ट कड कड. म्हणजे, पुन्हा सांगा. समोर माणूस नव्हता, यंत्र होतं. पर्यवेक्षकाला मोर्स येत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की हा म्हातारा ठोकून ठोकून शेजारच्या आसियाला उत्तरं पुरवतोय. त्याने हवालदारांचा पेपर काढून घेतला.

परीक्षेहून परतताना गाडीत आसिया कडाडली, "बगा! ज्याला सगळ्यात चांगलं येतं त्यालाच भाईर काढलं. आता तरी म्हना, अट नगं."

"मला मोर्सनं न्हाई, पेन्सिलीनं पाडलंय. अट ऱ्हाऊ द्या," हवालदार म्हणाले. नंतर कडेगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. उदयसिंहाला काय सांगायचं, हाच विचार असणार. फार वाईट वाटलं मला.

पुढच्या परीक्षेला आसियाने वाइंडिंगच्या तारांवर बांधतात ती सुती पट्टी त्यांच्या पेन्सिलीला जाड गुंडाळून दिली. वाजली तरी आवाज नको. हवालदार सांगतात, दोनदा वाजली. पण पास झाले!

परवाना हातात पडला त्या आठवड्यात आम्ही कडेगावला गेलो. पाण्याच्या टाकीपासून नारळापर्यंत एरियलची तार ताणली. भरदुपारी हवालदारांनी किल्ली धरली आणि म्हसवड सापडलं. पहिल्याच गप्पांत त्यांनी आपल्या नापास होण्याची सगळी हकिकत पाठवली, ट्रक, पेन्सिल, पर्यवेक्षक, काही न वगळता.

पलीकडून, हेडफोनबाहेर आम्हालाही ऐकू येईल असं, कड कड कड कड, कड कड. पुन्हा तेच. पुन्हा तेच, आणखी भरभर.

राहीबाई, हवालदारांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या होत्या. "काय म्हनत्यात उदयभावजी?"

मोर्समध्ये हसण्याची ती खूण. आसियाला कळलं होतं, पण सांगणं तिने हवालदारांवर सोडलं. हवालदारांनी हेडफोन काढून राहीबाईंच्या कानाला लावला. हवालदारांचे डोळे भरून आले होते.

"हसतुया गं," ते म्हणाले. "थांबंनाच झालाय."