दाराला लावलेली पेटी
शेजाऱ्यांनी आज हापूसची पेटी उघडली, जिन्यात पेंढ्याचा गोडसर वास पसरला आणि मला मे महिन्यातली ती सकाळ आठवली. दरवर्षी भाऊ पुण्याहून खाजगी बसने आंबे पाठवायचा आणि मी जयपूरच्या थांब्यावर पेटी उतरवून घ्यायचो. त्या दिवशी बस तीन तास उशिरा आली. अजमेर सोडल्यावर आत धूर झाला होता, लोकांनी खिडक्यांतून उड्या मारल्या होत्या. लेकीकडे आलेल्या एक मराठी काकू सुजलेला पाय धरून फुटपाथवर बसल्या होत्या. "मागचं संकटकाळचं दार उघडेचना हो, सामान रचलेलं दाराला!" मी विमा कंपनीत दावे बघणारा माणूस. तावातावाने म्हणालो, "काकू, प्रवाशाला सुखरूप पोचवणं ही कायद्याने बस कंपनीची जबाबदारी. सोडायचं नाही!" आणि त्यांचा तक्रार अर्ज मीच लिहायला घेतला. तेवढ्यात कंडक्टरने माझ्या पायाशी पेटी आणून टाकली. "ये लो साहब, पीछे के दरवाज़े पर यही अड़ी थी।" खोक्यावर भावाच्या ठसठशीत अक्षरात माझं नाव होतं आणि नावावर बुटांचे ठसे. काकूंनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सामान कुणाचं होतं, तेही लिहा," त्या हळूच म्हणाल्या. मी लिहिलं, 'सामानाची जबाबदारी सर्वस्वी कंपनीची.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पुढच्या वर्षीपासून मी भावाला पेटी पाठवू दिली नाही. मुलं अजून विचारतात, "बाबा, आपल्याकडे आंबे का नाही येत?" मी सांगतो, वाटेत खराब होतात.