न मोजलेली मुलं

मला किळस लवकर येते. ताटात केस दिसला की मी उठतो, आणि त्यावरून घरात माझी यथेच्छ चेष्टा होते. पण केस काढून टाकता येतो. सख्ख्या मामाची जी किळस आली ती काढता येत नाही, आणि खरं सांगायचं तर काढावीशीही वाटत नाही.

माझी धाकटी बहीण मामाच्याच घरी दिलेली. भाचीसून आणली की घरचं माणूस घरात राहतं, असं आमच्याकडे अभिमानानं सांगतात. गाव मंगरूळपीरच्या जवळ; आईचं माहेर तेच, बहिणीचं सासरही तेच. बहिणीला दोन मुलगे. थोरला सात वर्षांचा असताना तापानं पडला आणि त्याच्या मानेला गाठी आल्या. मामानं गावातल्या कुणाकडून तरी त्या गाठींवर बिब्बा लावून घेतला. मी पोचलो तेव्हा मानेची कातडी सोलून पू वाहत होता, माशा बसत होत्या, आणि विष बाहेर पडतंय म्हणून मामा समाधानानं सुपारी कातरत होता. पोराचं पोट फुगून टम्म झालेलं. मी गाडी बोलावली. आधी अकोला, मग नागपूर.

नागपूरच्या डॉक्टरबाईंनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. गाठींचा कर्करोग निघाला. बाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं, की याच्या मुळाशी एक साधा विषाणू आहे. तो थुंकीतून पसरतो, बहुतेक सगळ्या मुलांना कधी ना कधी होतो, चार दिवस ताप येतो आणि जातो. पण एखाद्या मुलाच्या रक्तातला पहारेकरी जन्मापासूनच त्या एका चोरापुढे निकामी असतो. हा दोष आईकडून येतो आणि तिच्या काही मुलग्यांना बाधतो. याच्या आईच्या किंवा आजीच्या माहेरी कुणी मुलगे लहानपणी असे गेलेत का, गेले असतील तर धाकट्याचंही रक्त तपासावं लागेल, असं त्या म्हणाल्या.

"नाई," मामा म्हणाला. "आमच्या घरात असं कोनीच गेलं नाई."

माझी आई शेजारीच होती. तीही नाही म्हणाली. मला तर काही ठाऊकच नव्हतं. बाईंनी वहीत तसं लिहून घेतलं आणि थोरल्याचे उपचार सुरू झाले. ते फार दिवस चालले नाहीत. पोर गेलं.

लहान मुलाला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. नाल्याकाठी बाभळीखाली माणसं खड्डा खणायला लागली, तेव्हा मामाचा एक म्हातारा चुलता म्हणाला, "अंमळ सरकून खांद बाप्पा. तिथं पयलेचे पोट्टे हायेत."

कोणते, असं मी विचारलं. मामानं म्हाताऱ्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्यानं मिठाची पिशवी सोडायला लागला.

घरी येऊन अंघोळ केली आणि आईला गाठलं. तिनं काहीही न लपवता सांगितलं, हेच मला सहन होईना. तिचे दोन धाकटे भाऊ गेले होते. आणि तिचा पहिला मुलगा, माझ्याआधीचा; ती माहेरी आलेली असताना गेला. तिघांनाही ताप, मानेला गाठी, फुगलेलं पोट. मला मोठा भाऊ होता हे मला वयाच्या चाळिशीत कळलं. मग डॉक्टरबाईंना नाही का म्हणालीस, असं मी विचारलं.

"लायने पोट्टे कोनी मोजते काय, बापू?" ती म्हणाली. "त्याईचा ना दहावा झाला, ना तेरवी."

तिच्यावर रागावता येईना. ती खोटं बोलली नव्हती. ज्याचे दिवस केले नाहीत तो गेला असं धरायचं नाही, हे तिला शिकवलं होतं आणि ती तसं वागली. पण या रीतीची मला शिसारी आली. पोर मातीत घालायचं, वर मीठ टाकायचं आणि घरी येऊन त्याला जमेतूनच वजा करायचं.

मामाची गोष्ट वेगळी होती. त्याला सगळं आठवत होतं. त्याच्या मुलीचा साखरपुडा तोंडावर आला होता. मी ओसरीवर गेलो तर तो भाकरीचा घास स्वतःच्या तोंडात चावून मऊ करत होता आणि बोटानं काढून मांडीवरच्या धाकट्या नातवाच्या तोंडात घालत होता. त्या घरातली सगळी मुलं अशीच वाढलेली. आजोबाच्या तोंडचा घास म्हणजे आशीर्वाद. डॉक्टरबाईंचं ते थुंकीचं ऐकायला तोही माझ्याच शेजारी बसला होता. थोरल्याला माती देऊन आलेले हात नुकते कुठे वाळले होते.

मी पोर हिसकावून घेतलं आणि त्याच्या तोंडातला घास बोटानं काढला. याचं रक्त तपासायला नागपूरला नेतो आणि त्या तिघांचंही सांगतो, असं मी म्हणालो.

"हे गोठ इथंच राहू दे," मामा म्हणाला. "खानदानात रोग हाये म्हनल्यावर पोरीची सोयरीक कोन करन? तुले तुह्या मामेबहिनीची काईच फिकीर नाई काय?"

मी दारात उभ्या असलेल्या बहिणीकडे पाहिलं. ती वळली. आत गेली आणि पोराची दुपटी पिशवीत भरून बाहेर आली. मामाचा मुलगा, म्हणजे पोराचा बाप, खांबाला टेकून खाली मान घालून उभा होता. मंगरूळला जाणाऱ्या गाडीत आम्हाला बसवायलाही तो आला नाही.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि रक्त पाठवलं. निकाल येईपर्यंत पोराला माझ्या घरी वेगळं ठेवलं. निकाल आला. दोष धाकट्यातही होता, पण तो विषाणू अजून शिरला नव्हता. जुळणाऱ्या माणसाच्या हाडातला मगज लवकर बसवला तर पोर वाचू शकेल, पण खात्री देत नाही, असं त्या म्हणाल्या. मी मामाच्या मुलीचंही विचारलं. तिला हे नाहीच, बाई म्हणाल्या. तुमचे मामा या वयात धडधाकट आहेत, म्हणजे त्यांच्यात दोष नाही. मग त्यांच्याकडून मुलीला येणार कुठून?

ज्या मुलीसाठी तोंडं शिवली होती, तिला कधी धोकाच नव्हता.

मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरून मामाला फोन लावला. बहीण पोराला घेऊन शेजारीच उभी होती. धाकट्यात दोष आहे, पण वेळेत सापडला, असं सांगितलं. मामानं विचारलं:

"अन् आमच्या पोरीचं काय?"

तिला काही नाही म्हणालो. मामानं सोडलेला श्वास मला फोनमधून ऐकू आला. मग तं बरंच झालं, साखरपुडा आटपून घेतो, तुमी लवकर या, असं तो अगदी मोकळ्या आवाजात बोलायला लागला. मला थुंकावंसं वाटलं.

बहिणीनं माझ्या हातातून फोन घेतला.

"मामा," ती म्हणाली, "हे पोरगं जगलं तं याचंबी लगन करीन मी. पन पोरीवाल्याइले समदं सांगून करीन. गेलेले चारी पोट्टे मोजून."

फोन माझ्या हातात देऊन ती पोराला दूध पाजायला सावलीत जाऊन बसली.