मॅडमचा कुकर

माझी बायको धाटावच्या एका कंपनीत केमिस्ट आहे. तिथे उष्णता सोसणारं प्लास्टिक बनतं. त्याच्या चकत्या इंजिनांच्या तापत्या भागांत बसतात. ते बनवायला जो सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारं रसायन, लागतो तो पोटातल्या बाळाला घातक. म्हणून दिवस गेल्याचं तिने कळवलं त्याच दिवशी तिला शेडमधून ऑफिसच्या टेबलावर हलवण्यात आलं. नियम योग्य होता. आम्ही दोघांनी तो मान्य केला.

पण तेच प्लास्टिक सॉल्व्हंटशिवाय, पाण्यात, दाबाखाली तापवून करायची पद्धत ती बराच काळ जुळवत होती. शेडच्या कोपऱ्यातल्या तिच्या लहान रिॲक्टरला, म्हणजे दाबाच्या बंद भांड्याला, कामगार 'मॅडमचा कुकर' म्हणत. त्याची मोठी चाचणी आता तोंडावर आली होती.

"कच्ची पावडर दुसऱ्याने टाकावी, सर. मी नुसती उभी राहते. आत पाणीच आहे," ती तिच्या साहेबांना म्हणाली.

"कुकरात पाणी आहे," साहेब म्हणाले. "शेजारी काय आहे?"

शेजारी, त्याच छपराखाली, सॉल्व्हंटचा मोठा रिॲक्टर चालू होता.

चाचणी तिने टेबलावरून, फोनवर केली.

"मॅडम, कुकर तापला. किती शिट्ट्या घेऊ?" ऑपरेटरने विचारलं.

"शिट्टी झाली तर पळा."

कुकरातून निघालेल्या पावडरीची दाबून केलेली चकती भट्टीत ना मऊ पडली, ना तडकली. चाचणी पास झाली. संध्याकाळी गेटवर माझ्या स्कूटरवर बसताना तिने ते सांगितलं.

"मग मोठा रिॲक्टर बंद होईल?" मी विचारलं.

"नाय. गिऱ्हाइकांनी जुना माल पास केलाय. नवा पास करायला वर्षं घेतील."

"आणि कुकर दुसऱ्या शेडमध्ये हलवला तर?"

"जागा नाय म्हणाले."

वरशाला घरी पोचल्यावर तिने जेवणाची ताटं वाढली.

जेवताना पेणहून तिच्या आईचा फोन आला. "खुर्चीत बसून पगार मिळतोय ना गो? मग रडतेस कशाला?"

"रडत नाय," ती म्हणाली. ते खरं होतं. ती दमली होती.

पुढच्या आठवड्यात तिने कुकर चालवायची सगळी रीत साध्या मराठीत लिहून ऑपरेटरला दिली. तापमान, दाब, कधी थांबायचं, कशाला घाबरायचं नाही. त्यानंतरच्या चाचणीला तिला कोणी फोन केला नाही. माल चांगला निघाल्याचं तिला कँटीनमध्ये कळलं.