माय चाकावर बसत नाही

सालेकसा स्टेशनवर मला नागपूरच्या गाडीत बसवायला माय तशीच कामावरून आली होती. कोपरापर्यंत चिखल वाळलेला. "शिकजो बाई. आमचं काही सांगाची लाज नोको धरजो," एवढंच म्हणाली.

मी लाज धरली नाही. कॉलेजात भिंती रंगवणारा एक गट आहे. त्यातल्या ताईंना मी आमच्या कुंभारकामाबद्दल सांगितलं, मडकं ठोकणाऱ्या मायचा फोटो पाठवला. घरी न विचारता. आपलं काम कुणाला तरी मोठं वाटलं, याचाच आनंद झाला होता.

दिवाळीत घरी गेले, तर त्या गटाने येऊन गावातल्या शाळेची भिंत रंगवलेली होती. गावातल्या पोरांनीही रंग भरले होते. मधोमध माय, भिंतीएवढी, चाक फिरवताना.

आमच्यात बाई चाकाला हात लावत नाही. चाक बाचं. बा जाड, लहान मडकं उतरवून देतो. माय आतून दगडी गोटा धरते, बाहेरून लाकडी थापी मारते. त्या ठोकण्यानेच मडकं पातळ होतं, फुगतं. अर्ध्याहून जास्त काम तिचं. भिंतीवर त्यातलं काहीच नव्हतं.

दारात मडकं घ्यायला आलेला माणूस बाला म्हणाला, "काहो, बाई चाक फिरवते म्हणते, मंग तू का पोळ्या लाटून राहिला?" बा हसला नाही. माय मला म्हणाली, "माही थापी काऊन नाही दिसली त्यायले? फोटोत तं होती."

मी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, थापी कोण ओळखणार? चाक लगेच कळतं. आणि बाई चाकावर, किती छान संदेश!" मी "हो ताई" म्हणाले. त्याचा राग अजून जात नाही. बाईने चाकावर का बसू नये, हे मलाही विचारायचं आहे. पण ते आमच्या घरात, बाला विचारायचं आहे. मायचं काम पुसून नाही.

दोन दिवसांनी पुन्हा फोन केला. सरळ म्हणाले, "तिच्या हातात थापी काढा, नाहीतर तिचा चेहरा पुसा." त्यांनी येऊन चेहऱ्यावर चुना फासला. थापी काढायला दोन तास लागले असते.

आता हॉस्टेलात मी जुनाट विचारांची ठरले. गावात मायला भिंतीवर चढवणारी. बा त्या रस्त्याने जात नाही.

दिवाळीनंतर नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी मायने मला ओसरीत बसवलं, हातात गोटा आणि थापी दिली. "आधी ठोकून पाय. मंग सांगजो लोकायले." तिसऱ्याच थापेला मडकं फाटलं. ती म्हणाली, "फोडलं ना कॉलेजवालीनं!" आणि दुसरं पुढे सरकवलं.

बाहेर गेलेल्यांनो, मीही तुमच्यासारखीच "आमची कला, आमची कला" म्हणत फिरले. घर जन्मानेच कळतं असं वाटायचं. मला तर मडकं ठोकणंही अजून यायचं आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकायला जाणार आहे.