चांदण्यांच्या पट्टीतला घास

ज्या घरात मेज नाही त्या घरच्या पोरीला मेजावर टाकायची पट्टी शिवायला शिकवायची, ही अक्कल फक्त सरकारलाच सुचू शकते. आमच्या अख्ख्या गावात तेव्हा दोन मेजं होती. एक शाळेत, त्याचे तीन पाय धड आणि चौथ्याखाली वीट. दुसरं चावडीत, त्याच्यावर पाटलाचा पानाचा डबा. बाकी आम्ही जेवत होतो जमिनीवर, निजत होतो जमिनीवर, आणि आमचं काही अडत नव्हतं.

पोलीस ॲक्शनला सहा-सात वर्षं होऊन गेली होती. कचेरीतले शेरवानीवाले गेले, टोपीवाले आले, शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली. नव्या सरकारला आमचा उद्धार करायची लय घाई झाली होती. त्या घाईत गंगाखेडला बायकांचा शिवणवर्ग निघाला. आमचं गाव तिथून दोन कोसांवर, राणीसावरगावच्या वाटेला. मी शेळ्यांमागं फिरत फिरत, वय उलटून गेल्यावर का होईना, चौथी पास झाले होते. मास्तर घरी येऊन बाला म्हणाले, "चौथी झालेली पोरगी तालुक्यात शोधून सापडत न्हाई. धाडा हिला." बानं हो म्हटलं. सुगी होईपर्यंत लग्न काही होणार नव्हतं, तोवर पोरगी घरात बसून काय करणार, एवढाच त्याचा हिशेब.

लग्न सोनपेठकडच्या एका बिजवराशी ठरत आलं होतं. मेंढरांचा मोठा कळप, दोन लेकरं आणि तोंडात मोजके दात, असा तो ऐवज होता. पायलीभर ज्वारी बघावी तसं त्यानं मला बघितलं आणि "चालंल" म्हणाला. मेला! शेळ्या-मेंढरांमागं जन्म कसा जातो ते मी आईच्या पायांच्या भेगांत रोज बघत होते. शिवणवर्गात मात्र एक निराळीच गोष्ट कानावर आली. वर्गात जी पहिली येईल तिला परभणीला शिवणमास्तरणीच्या शिक्षणाला धाडणार, राहणं-खाणं सरकारचं. हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. परभणी नाहीतर मेंढरं.

वर्गाच्या बाई पुण्याकडच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला ओळीत उभं करून विचारलं, "मुलींनो, तुम्ही रोज आंघोळ करता ना?" आम्ही माना हलवल्या. त्यांचा विश्वास बसला नाही, त्या दोन पावलं मागंच सरकून उभ्या राहिल्या. बाईंचं बोलणं फार स्वच्छ, पातळाची घडी फार कडक. सुई दोन बोटांत कशी धरावी हे त्यांना ठाऊक होतं. त्यापुढचं ठाऊक नव्हतं, पण हे आम्हाला कळायला महिना गेला.

वर्ग संपताना कुणी मोठ्या साहेबांची बायको यायची होती. तिच्यापुढं मेजावर टाकायला प्रत्येकीनं एक पट्टी शिवायची, जिची सरस ती पहिली. बाईंनी एका विलायती मासिकातलं चित्र काढून दाखवलं. लांबोडकी पट्टी, तिच्यावर ओळीनं तीन चांदण्या, प्रत्येक चांदणीला आठ टोकं. एकेक टोक म्हणजे शंकरपाळीच्या आकाराचा तुकडा. बाईंनी पुठ्ठ्याची शंकरपाळी कापून दिली, लाल, पिवळं आणि पांढरं कोरं कापड दिलं आणि म्हणाल्या, "सोपं आहे. एकाला एक जोडत जायचं, गोल पुरा होतो." चित्रात सगळंच सोपं असतं.

मी कोरं कापड घेऊन घरी आले तेव्हा आई दारात बसून गोधडीला टाके घालत होती. मी पुठ्ठा ठेवून कापायला लागले तशी ती ओरडली, "अगं ये! नवं कापड फाडतीस व्हय?"

"तुकडे करून परत शिवायचंय, माय."

"धडाचे तुकडे करायचे आन् परत जोडायचे? त्या बाईचं डोकं ठिकाणावर हाय का?" मग तिनं विचारलं, ही पट्टी पांघरायला का अंथरायला? मी म्हटलं, मेजाला. मेज झाकणार का? नाही, मधोमध पडून राहणार. आईनं सुई डोक्याला घासली आणि म्हणाली, "मेजाला थंडी वाजत आसंल मग." तिचं हसणं थांबेना. मला राग आला. हिला काय कळतंय, असं मी मनात म्हणाले. आता सांगते, तोंडानंही म्हणाले.

चांदणी जमेना. बाईंनी सांगितलं तसं मी एकाला एक शंकरपाळी जोडत गेले आणि आठवी जोडली तर मधोमध फुगवटा आला. उसवून पुन्हा शिवलं, पुन्हा तेच. वर्गातल्या सगळ्याच पोरींचं तसं झालं होतं. बाईंनी फुगवट्यावर इस्त्री फिरवली, तो चपटा झाला आणि इस्त्री उचलल्यावर परत वर आला. "तुमच्या हातांना सवय नाही," बाई म्हणाल्या. घ्या! कापड फुगलं बाईंच्या अकलेनं आणि दोष आमच्या हातांना.

त्या दिवशी घरी येऊन मी चांदणी भिंतीवर भिरकावली आणि रडायला लागले. आईनं ती उचलली, गुडघ्यावर ठेवून दोन्ही अंगांनी ओढून बघितली.

"तिरपं कापलेलं हाय नव्हं? तिरप्या अंगाला कापड वढतंय. तू वढून वढून शिवतीस, मग ते बसंल कशाला?"

"मग काय करू?"

"गोल गोल कशाला फिरतीस? दोन-दोन जोड. मग चार-चार. दोन आर्ध्या भाकरी झाल्या का मधून येक सरळ शिवण घाल. मधल्या टोकापासून भायेर जायचं, भायेरून आत यायचं न्हाई. आन् कापडाला हात लावू नगं, त्याला आपलं पडून ऱ्हाऊ दे."

तिनं एक चांदणी करून दाखवली. जमिनीवर टाकली तर पापडासारखी सपाट बसली, आठही टोकं एका जागी, सुईच्या अग्राइतकाही फरक नाही. जिला शाळा ठाऊक नव्हती, मेज ठाऊक नव्हतं, विलायत कोणत्या दिशेला ते ठाऊक नव्हतं, तिनं हे बघता बघता केलं. मी तिचे हात धरायला पाहिजे होते. मी काय केलं, तर चांदणी तिच्या हातातून ओढून घेतली आणि म्हणाले, "बाकीचं मी करते." बाकीचं काय डोंबल! दुसरी चांदणीही तिनंच निम्मी केली. तिसरी मी केली, आणि तिन्हीत तीच जरा वाकडी होती.

मागं अस्तर लावायचं काम राहिलं. पट्टी वर्गात द्यायची त्या सकाळी पाणी आणायची पाळी माझी होती. मी आडावरून आले तोवर आईनं अस्तर लावून चारही बाजू बंद केल्या होत्या. एक कोपरा जरा जाड लागला. शिवण दुमडली असेल असं वाटलं, आणि घाईत मी पट्टी घडी करून पिशवीत घातली. मला कळायला पाहिजे होतं. आमच्याकडं गोधडी पुरी झाली की शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी त्यात गूळ-भाकरीचा इवलासा घास ठेवतात. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाराही उपाशी राहतो, असं मानतात. लहानपणापासून बघितलेलं, पण मेजावरच्या पट्टीलाही कुणी जेवू घालील हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

समारंभ दोन दिवसांनी होता. आई म्हणाली, मी येते बघायला. मी म्हटलं, नको, लांब पडतं. ती आलीच. ठेवणीतलं लुगडं नेसून, उन्हात दोन कोस चालत आली आणि मागं बायकांत बसली. वर्गातल्या कुणी तिला कधी बघितलं नव्हतं. मीही तिच्याकडं बघितलं नाही.

माझी पट्टी सगळ्यांत सरस ठरली होती, म्हणून तीच मेजावर टाकली होती. तिच्यावर चहाची कपबशी, बिस्किटांची बशी आणि कागदाच्या फुलांचा पेला. साहेबीणबाई जीपमधून उतरल्या, खुर्चीत बसल्या, चांदण्यांवरून बोट फिरवून म्हणाल्या, "किती सुबक!" आमच्या बाई लाजून म्हणाल्या, "मीच बसवून घेतलं मुलींकडून." काय बाई तरी निलाजरी! मी मनात त्यांना शिव्या मोजत होते, तेवढ्यात साहेबीणबाईंनी हात झटकला. मुंग्या. पट्टीच्या कोपऱ्यातून लाल मुंग्यांची रांग निघून त्यांच्या बांगडीपर्यंत पोचली होती.

बिस्किटांची बशी उचलली तरी रांग हटेना. आमच्या बाईंनी कोपरा चाचपला, कात्री मागवली आणि शिवण उसवली. गुळानं काळपट झालेला भाकरीचा तुकडा मेजावर पडला. आधी कुणाला काही कळलं नाही, मग सगळे हसले. साहेबीणबाई तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. आमच्या बाई हसल्या नाहीत. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"हा काय गचाळपणा? कोणी घातलं हे?"

मला डोळ्यांपुढं सोनपेठकडचा तो दिसला. त्याची मेंढरं दिसली. आणि माझ्या तोंडून निघालं, "मी न्हाई बाई. आमच्या शेजारी एक बाई हाय, अडाणी. तिनं अस्तराला हात लावला होता."

"आणि या चांदण्या?"

"त्या माझ्या."

"कोण ही शेजारीण? अशा लोकांच्या हाती वर्गाचं काम द्यायचं नाही, हे शिकवलं नव्हतं का तुला?"

मी खाली बघत राहिले. मागून बायकांत हालचाल झाली आणि आईचा आवाज आला. "म्या हाय ती, बाईसाहेब. पोरीची शेजारीण. चुकलं माजं. पोरीचा काई दोष न्हाई त्याच्यात." तिनं हात जोडले, पदर पुढं ओढला आणि परत खाली बसली. साहेबीणबाई म्हणाल्या, "जाऊ द्या हो, खेड्यातल्या बायका." मग चहा झाला, आणि परभणीला जायला माझं नाव पुकारलं गेलं. टाळ्या वाजल्या. आईनंही वाजवल्या.

आम्ही दोघी परत निघालो. अर्ध्या वाटेवर आई म्हणाली, "म्या म्हनलं, परक्याच्या दारी चाललीय पट्टी. तिच्या पोटात घास आसला तर तुला बी तिकडं कमी पडायचं न्हाई." पुढं म्हणाली, "काळी शेळी लंगडायलीय, बघायला पायजे." मी फक्त शेळीचं बोलले. चांदण्या माझ्या, असं भर सभेत बोलताना जीभ कशी चुरूचुरू चालली होती.

बा कुरकुरला, पण सरकारी कागद बघून गप्प झाला. सोनपेठकडच्यानं दुसरी बघितली. मी जाईपर्यंत आईनं एक गोधडी पुरी केली. तिच्या दोन जुन्या लुगड्यांची, माझ्या फाटक्या परकराची आणि मधोमध एक चांदणी. चांदणीला कापड वर्गातलंच, माझ्या उसवून टाकलेल्या तुकड्यांचं. तिनं ते जपून ठेवलं होतं. गंगाखेड स्टेशन मागं पडून परभणी आली तरी मी ती मांडीवर घेऊन बसले होते, उलगडली नव्हती.

वसतिगृहात पहिल्या सकाळी घडी घालताना मी कोपरे चाचपले. पहिला सपाट. दुसरा सपाट. तिसरा, चौथा सपाट. पुन्हा पहिल्यापासून चाचपले. कुठंच काही नव्हतं. चार लोकांत मला पुन्हा खाली बघावं लागू नये म्हणून तिनं आयुष्यात पहिल्यांदा गोधडी उपाशी बंद केली होती.

पुढं पंचवीस वर्षं मी शिवण शिकवलं. आठ टोकांची चांदणी दोन-दोन, चार-चार जोडायची, मधून एक सरळ शिवण, आतून बाहेर, हे शेकडो पोरींना शिकवलं. पोरी विचारायच्या, बाई, ही तुमची पद्धत का? मी हो म्हणायचे. त्या पुण्याच्या बाईंना निलाजरी म्हणणारी मी!

आई गेल्यावर एकदा भाकरीचा तुकडा आणि गूळ घेऊन बसले. गोधडीचा कोपरा उसवायला कात्री लावली. मग ठेवून दिली. तो घास तिनं घालायचा असतो. गोधडी आहे अजून माझ्यापाशी, उपाशीच आहे.