आईची कानडी अक्षरं

नंदिगड्ड्याहून आम्ही निघालो त्या सकाळी, शांताक्का, तुम्ही थांब्यापर्यंत आलात. बाबांचं दिवसकार्य उरकलं होतं आणि माझी रजा संपली होती. "फुडच्या आठवड्यात वर्गातल्या बायकांच्या सत्काराचा कार्यक्रम हाय, तेवढं तरी थांबा की," असं तुम्ही म्हणालात. मी मानेनंच नको म्हटलं. आईनं रामनगरच्या गाडीची पाटी मोठ्यानं वाचली आणि ती चढली. रडलं कुणीच नाही. मी पिशव्या सांभाळत होते, बाकी काही वाटत नव्हतं.

साठीला टेकलेल्या आईला तुम्ही अक्षरं शिकवलीत, तीही घरचं सगळं आवरून, पदरमोड करून. आमच्या घरात बोलणं मराठी, पण पंचायतीपासून गाडीच्या पाटीपर्यंत लिहिलेलं कानडी, म्हणून तुमचा वर्गही कानडीच. अंगणात वाळत घातलेलं भात पायानं फिरवता फिरवता आई त्यात अंगठ्यानं स्वतःचं नाव काढायची. "भाताला साळा शिकवतीस व्हय?" असं बाबा चिडवायचे. त्या नावावर पाय मात्र देत नसत.

पुण्यात माझा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आई गॅलरीत बसून खाली बघायची. दुकानांच्या पाट्या, बसवरची नावं, दुधाच्या पिशवीवरचा मजकूर, सगळं मराठी, आणि मराठीतलं एक अक्षर तिला वाचता येत नाही. "आजी, तुम्ही तर मराठीच ना?" शेजारच्या काकूंनी विचारलं. आई हसली. मग गॅलरीत बसायची बंद झाली.

कार्यक्रमाच्या दिवशी तुम्ही व्हिडिओ कॉल लावलात. एकेक बाई पुढं येऊन फळ्यावरचं वाचत होती, तुमच्याही अंगावर शाल होती. तुम्ही आईचं नाव पुकारलंत, बायकांनी टाळ्या वाजवल्या. आई माझ्या स्वयंपाकघरात, मोबाइलसमोर, पदर सारखा करून उठून उभी राहिली. कॉल संपल्यावर तिनं अर्धी निवडलेली मेथी पुढं ओढली.

नंतर तिचे डोळे दाखवायला दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं न विचारताच शाईचं पॅड पुढं सरकवलं. "तिला सही येते," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे. हितं कुणाला कळनार हाय?" म्हणत आईनं अंगठा टेकवला. मुलीनं बोट पुसायला कागद दिला.

येताना मी पाटी-पेन्सिल घेतली. घरी अ, आ काढून पाटी तिच्यापुढं धरली. तिनं ती बाजूला ठेवली. "शांताक्कानं मला अडाणीपनातनं भाईर काढलं. हितं मी परत अडाणी झाले. मला घरला सोड."

एकटी कशी राहशील, आजारी पडलीस तर कोण बघेल, हे सगळं माझ्या ओठांवर होतं. तरी मी तिकीट काढलं, तिच्या एकटीचं.

घर कुठं असं इथं कुणी विचारलं की मी सोसायटीचं नाव सांगते. ते खोटंही नाही. रविवारी आईला गाडीत बसवून देते आहे. मला अजून काही वाटत नाही, वाटेल तेव्हा वाटेल. तुम्ही फक्त एक करा. पुन्हा सत्कार नको, शाल नको. ती वर्गात आली की हजेरीला तिचं नाव घ्या आणि मला फोन लावून तेवढा वेळ चालू ठेवा. ती "हाय" म्हणेल. तेवढंच आता माझं घर.