लोंढ्याच्या दिशेच्या अक्षता

माझा स्वभाव लहानपणापासून संशयी. दुधावरची साय कमी दिसली तर मी आधी मांजराकडे आणि मग घरातल्या माणसांकडे बघायची. "ही पोर फौजदार व्हायची," असं आजी सगळ्यांना सांगायची. पुढं मी फौजदारकी केली ती तिच्याच देवापुढं.

श्रावणातल्या शुक्रवारी आमच्याकडे जिवतीची पूजा असे. आई आपल्या लेकरांना ओवाळते आणि परगावी असलेल्या लेकराच्या दिशेला अक्षता टाकते. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, लोंढ्याला रेल्वेत कामाला होते. बेळगावजवळच्या आमच्या गावापासून ते दक्षिणेला. त्या शुक्रवारी आजीनं काकांना ओवाळलं, निपाणीला दिलेल्या धाकट्या लेकीसाठी उत्तरेला अक्षता टाकल्या आणि तबक खाली ठेवलं. अण्णांसाठी एक दाणा टाकला नाही.

मी परसात गेले. तिथं गवताच्या गंजीआड थोरली आत्या दक्षिणेकडे तोंड करून तांदूळ टाकत होती. तिला सगळे आक्का म्हणत. तरुणपणीच नवरा गेला म्हणून माहेरी परतलेली, पोटी मूल नसलेली बाई. मला बघून ती दचकली.

"चिमण्यास्नी गं," ती म्हणाली.

कुंकू लावलेले तांदूळ चिमण्यांना! माझ्या मनात पाल चुकचुकली. पुढच्या श्रावणात मी डोळ्यांत तेल घालून बसले, तर पुन्हा तेच.

मग मी शेजारच्या म्हातारीला गाठलं. अण्णा जन्मले ते प्लेगच्या साली, एवढं मला ठाऊक होतं. गाव रिकामं करून सगळे माळावर झोपड्या घालून राहिले होते.

"तुझी आजी परत आली ती कडंवर पोर घिऊनच," म्हातारी म्हणाली. "कोण पोटुशी हुतं, कोण न्हवतं, ह्ये बघायला कुणाला सवड हुती गं? तुझी आक्का तवा लई आजारी हुती म्हणं." एवढं बोलून ती एकदम कोंबड्या हाकायला उठली. कोंबड्या तर कधीच खुराड्यात गेल्या होत्या.

त्या दिवसापासून मला गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याचं नाक अण्णांसारखं दिसू लागलं. शेवटी मी आक्कालाच विचारलं, "तू अण्णांची कोण?"

ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं.

"कुणाचा, ते इचारू नको," ती म्हणाली. "आणि अण्णाला कळू दिऊ नको. त्येला म्हाईत न्हाय. कळलं तर माझं तोंड बगायचा न्हाय त्यो."

तिला आजी म्हणायची मला फार इच्छा होती. पण मी शब्द दिला आणि पाळलाही. अण्णा सुट्टीवर आले की मी पहाऱ्यावर. शेजारची म्हातारी त्यांच्याशी दोन शब्द बोलू लागली तरी मी मध्ये जाऊन उभी राहायची.

आजी गेली आणि काही वर्षांनी आक्काही गेली. निरोप मिळाल्यावर अण्णा पहिल्या गाडीनं आले. दारात त्यांना बघून मी रडायची थांबले. त्यांनी डोकं भादरलं होतं आणि मिशीही काढली होती. आमच्यात बहिणीसाठी कुणी मिशी काढत नाही. आईबापासाठी काढतात. अंगणातल्या माणसांनी बघितलं आणि माना खाली घातल्या. अग्नी द्यायला आक्काच्या सासरचा पुतण्या आला होता. तोसुद्धा मडकं अण्णांच्या हाती देऊन बाजूला झाला.

स्मशानातून परतल्यावर अण्णांनी मला परसात बोलावलं.

"तुला ठावं हाय न्हवं?"

"व्हय."

"मला लगीन व्हायच्या आधीपासनं ठावं हाय," ते म्हणाले. मग घाबऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "आक्काला बोलली न्हाईस न्हवं, मला ठावं हाय म्हणून? लाजून मेली असती गं."

मला त्या दोघांचा भयंकर राग आला. "न्हाय बोलले," मी म्हणाले.

"बरं केलंस," म्हणून अण्णा गंजीआड गेले आणि तिथं पहिल्यांदा त्यांनी तिला आई म्हणून हाक मारली.